टिटवीचा डावा कान

गाद्यांच्या थप्पीमागे बसून मी खोळी शिवत होते, तेव्हा पलीकडे बापलेकाची जुंपली. बाप म्हणजे आमचे हे, गादीवाले. लेक म्हणजे आमचा मुलगा, तेव्हा नुकताच टपाल कचेरीत चिकटलेला आणि त्यामुळे जरा ताठ. मी तिथे बसले आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. असतं तरी काही बिघडलं नसतं. आमच्या घरात तोंडं त्यांच्याकडे होती आणि कात्री माझ्याकडे.

"बाबा, पोरगी माळ्यावरून उड्या मारते आणि तुम्ही खाली गाद्या लावून देता?"

"मग काय लावू? फरशी?"

"तिला खाली उतरवायचं सोडून..."

"उतरतेच आहे की. सकाळपासून तीसेक वेळा उतरली."

"चेष्टा नको, बाबा. नऊ वर्षांची आहे ती. मान मोडली म्हणजे?"

"मोडू नये म्हणूनच शिकवतोय. हनुवटी छातीला, तळवे आधी, पाठ सपाट. एकदा बघ तरी."

"मला नाही बघायचं. लाडावून ठेवलीय तुम्ही तिला. मोठी होऊन काय करणार ही? पडणार?"

"बघू की," हे म्हणाले.

मुलगा तावातावाने निघाला. दारात नव्या गुळगुळीत कापडाचा तागा उलगडून ठेवला होता, त्यावर त्याचा पाय सटकला आणि गडी उताणा. डोक्याला हे एवढं टेंगूळ. माळ्यावरून बारीक आवाज आला, "बाबा, हनुवटी!"

मी हातातली खोळ तोंडात कोंबली.

ती माळ्यावरची पोरगी म्हणजे माझी नात. पडायची आणि पडल्या पडल्या उसळून उभी राहायची, म्हणून हे तिला चेंडू म्हणायचे. आज ती पंचवीस वर्षांची आहे आणि माझ्या मुलाने रागाच्या भरात जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर खरंच तेच निघालं. मोठी होऊन ती पडते. पोटासाठी पडते, आणि फार सुरेख पडते.

आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर एक गोदाम आहे. पूर्वी तिथे कागदाचे रीळ ठेवायचे. आता दर शनिवारी संध्याकाळी तिथे कुस्त्यांचे खेळ होतात. चौकोनी रिंग, चारी बाजूंना दोऱ्या, वर दिवे, रंगीबेरंगी कपडे, आणि खुर्च्यांवर बसलेली माणसं घसा फाटेस्तोवर ओरडत असतात. या कुस्तीत कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. लोक मला विचारतात, "मग ते खोटंच ना हो आजी?" मी म्हणते, जिंकणं ठरलेलं असतं, पडणं मात्र खरंच पडावं लागतं. लाकडी फळ्या, त्यावर चार बोटं जाड फोम, त्यावर ताणून बांधलेलं जाडं कापड. ह्यांनी पहिल्या दिवशी ती रिंग अंगठ्याने दाबून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "ही गादी मी विकली असती ना, तर गिऱ्हाइकाने माझ्या डोक्यात घातली असती."

नात एकोणिसाव्या वर्षी ते खेळ भरवणाऱ्या कंपनीत गेली. घरात दोन दिवस मुलाचं 'जाऊ नको' चाललं होतं. तिसऱ्या दिवशी हेच तिला हाताला धरून घेऊन गेले. मी मागून डबा घेऊन.

तिथे तिला शिकवायला एक बाई होती. अंगाने एवढी, की दारातून येताना उजेड जायचा. रिंगमधलं तिचं नाव भिंत. दिवसा ती शाळेची बस चालवते. त्या भिंतीने हात पुढे केला आणि आमच्या पोरीने उत्साहाने तो गच्च दाबला.

"असा नाही गं," भिंत म्हणाली. "हात असा द्यायचा, जसं चिमणीचं पिल्लू धरलंय. हात मिळवताना जोर करणारा रिंगमध्येही जोर करतो. मग त्याच्याशी खेळायला कुणी तयार होत नाही."

पहिला धडा हा. तेव्हापासून आमच्या नातीचा हात हातात घेतला की पीठ हातात घेतल्यासारखं वाटतं. बँकेतल्या लोकांना वाटतं, पोरगी आजारी आहे.

मालक म्हणाला, "पडतेस झकास. पण चेहरा फार गरीब आहे. चिडलीस तरी भाजी घ्यायला आल्यासारखी दिसतेस. तुला मुखवटा घालू." अशी ती टिटवी झाली. काळा मुखवटा, डोळ्यांपुढे लाल पट्टी, कानापासून मानेपर्यंत पांढरा पट्टा. रिंगमध्ये येताना टिटवीसारखी ओरडायची. लोकांना ते इतकं आवडलं, की पुढे लोकच ओरडायचे आणि ती नुसती यायची.

तो मुखवटा मी शिवला. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. आकडे येतात, पण मापपट्टीवरच्या बारीक रेघांशी माझं कधी जमलं नाही. मी दोऱ्याला गाठी मारते. कपाळाची एक, डोळ्याची एक, दोन्ही कानांची एकेक, हनुवटीची एक. प्रत्येक माणसाचा वेगळा दोरा, आणि सगळे दोरे बिस्किटांच्या डब्यात. टिटवीचा दोरा मी वेगळा, बटणांच्या पाकिटात ठेवला होता. सहा वर्षांत तिचे सहा मुखवटे झाले, सहाही त्याच दोऱ्यावरून. दर वेळी विचारायचे, "बसला ना गं नीट?" ती म्हणायची, "अगदी, आजी. माझ्याबरोबरच जन्मला जसा काही."

आणखी एक काम तिच्याकडे होतं. शनिवारच्या खेळात रिंगवरचं कापड घामाने आणि बुटांनी मळतं. रविवारी सकाळी ते सोडवून, घडी घालून, दोन चाकांच्या गाड्यावर टाकून मागच्या गल्लीतल्या लाँड्रीत पोचवायचं. हे सगळ्यात नव्या माणसाचं काम. तिच्यानंतर कंपनीत अकरा नवी माणसं आली, पण कापड तिच्याकडेच राहिलं. बाकीचे घडी घालताना मळकी बाजू बाहेर ठेवायचे आणि लाँड्रीवाला खवळायचा. आमची नात मळकी बाजू आत घेते. गादीवाल्याची नात आहे, तिला घडी शिकवावी लागत नाही.

टिटवीचं काम हरण्याचं. समोरचीने ढकललं की हिने असं उडायचं, की लोकांना वाटावं, बापरे, काय ताकद आहे! सहा वर्षांत ती चार वेळा जिंकली आणि त्यातल्या दोन वेळा समोरचीला ताप होता. तिची याबद्दल कधी तक्रार नव्हती. "आजी, ती मोठी दिसते ना, ती माझ्या पाठीने दिसते," असं सांगायची, आणि त्या पाठीला मी तेल चोळायचे.

मग एके दिवशी मालकाने येत्या वर्षाचं वेळापत्रक गोदामाच्या भिंतीवर चिकटवलं. बावन्न शनिवार. टिटवीच्या नावापुढे बावन्न वेळा तेच लिहिलेलं: आठ मिनिटं, हार.

त्या दिवशी ती घरी आली आणि पान अर्धं टाकून उठली. हे आमच्या घरात आक्रीतच. मी तिच्या मागे गॅलरीत गेले.

"पडून पडून कंटाळलीस काय?"

"पडायचा नाही गं कंटाळा आला. कुठल्या शनिवारी, कितव्या मिनिटाला पडायचं ते कुणीतरी वर्षभराचं लिहून ठेवलंय, त्याचा आला. मला दुसऱ्या गावांत खेळायचंय. नव्या माणसांशी. आणि एकदा तरी दिवे माझ्या तोंडावर पडू देत. कापडावर नकोत."

दुसऱ्या दिवशी तिने घरात जाहीर केलं, की कंपनी सोडते आणि फ्रीलान्स होते. माझ्या मुलाने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"जाऊ नको म्हणत होतो तेव्हा गेलीस. आता मी चार लोकांत सांगायला लागलो, मुलगी कंपनीत आहे म्हणून, तर सोडतेस? आणि फ्रीलान्स म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे कुणाला बांधलेलं नाही. जो बोलावेल त्याच्या रिंगमध्ये जायचं."

"आणि नाही बोलावलं तर?"

तिने खाली वाकून वर्तमानपत्राची घडी घालायला घेतली. शेंगा सोलता सोलता सून म्हणाली, "बोलावतील. हिच्यासारखं पडणारं आहे कोण?" पण तीही वर न बघता म्हणाली.

नोटीस द्यायला गेली तेव्हा मी बरोबर होते, टिटवीचा उसवलेला पोशाख पोचवायचा होता. मालकाची खोली म्हणजे पत्र्याचा आडोसा, एक खडखडणारा पंखा आणि भिंतभर जुनी पोस्टरं. मालक माणूस वाईट नाही. आधी त्याचा खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा होता, त्यामुळे माणसांकडेही तो जरा खुर्चीसारखंच बघतो, एक गेली की त्या जागी दुसरी.

"महिन्याची नोटीस दिलीस, ठीक," तो म्हणाला. "पण टिटवी कुठे जाणार नाही हां. नाव कंपनीचं, मुखवटा कंपनीचा. कागद वाचला होतास ना?"

"वाचला होता."

"पुढच्या महिन्यात दुसरी पोरगी मुखवटा घालेल. लोकांना सांगायचंच नाही. कळणार पण नाही कुणाला."

"मग मी गेले हे लोकांना कळणार कसं?"

"तू कुठे गेलीस? टिटवी इथेच आहे."

नातीने विचारलं, "या महिन्यात बाहेर कुणी बोलावलं तर जाऊ का? मुखवट्याशिवाय?"

मालकाला हसू आवरेना. "जा की! बिनामुखवट्याची तुला ओळखतं कोण? आजी ओळखतील फार तर. काय आजी, ओळखाल ना?"

"चष्मा असला तर," मी म्हटलं.

"बघा! आजीलाही चष्मा लागतो. बरं, शेवटची कुस्ती महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, भिंतीशी. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. हरायचं."

यांच्यात ती रीतच आहे. कंपनी सोडणाऱ्याने शेवटच्या दिवशी हरून जायचं, म्हणजे मागे राहणाऱ्यांचं वजन वाढतं. त्यावर कुणी कुरकुर करत नाही. आम्ही उठलो, तर मालक मागून म्हणाला, "आजी, नव्या पोरीचा मुखवटा तुम्हीच शिवा हं. तुमचा हात बसलाय."

रस्त्यात माझी धुसफूस चालूच होती. "शिवतेय मी! डोळे असे करेन, की त्या नवीला स्वतःचं नाकसुद्धा दिसायचं नाही."

नात रस्त्यातच थांबली. मागून येणारा सायकलवाला आमच्या नावाने ओरडून गेला.

"आजी, दोरीवरून उलटी उडी मारताना समोरचं दिसलं नाही, तर मान जाते. तिचं काय चुकलंय? नीट शिव तू. माझ्यापेक्षा नीट शिव."

ते 'माझ्यापेक्षा' माझ्या कानावरून गेलं. मला वाटलं, बोलण्याच्या ओघात म्हणाली.

ती नवी माप द्यायला आली. बेकरीत कामाला असलेली, वीस वर्षांची, इतकी घाबरलेली, की हात मिळवताना तिचा हात हातात आलाच नाही. मी नवा दोरा घेतला आणि एकेक गाठ तीनदा ताणून बघितली. नातीने तिला गच्चीवर आमच्याच दोन गाद्या टाकून रोज तासभर पडायला शिकवलं. सुनेने विचारलं, "अगं, तुझी जागा घेणार तीच ना ही?" नात म्हणाली, "म्हणून तर. माझ्या नावाने वाकडं पडली तर लोक मला हसतील."

इकडे फोनवर फोन चालले होते. अकरा गावांतल्या खेळ भरवणाऱ्यांना तिने फोन लावला. पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच, "टिटवी? अरे वा, ये की!" मग ही सांगायची, की टिटवी म्हणून येता येणार नाही. मग पलीकडून, "मग कोण म्हणून येणार?" मग ही म्हणायची, ते अजून ठरायचंय. मग "कळवतो हं."

फक्त एक जण नाही म्हणाला नाही. तो मूळचा फोटोवाला, बसने दोन तासांवर राहतो, कॉलेजच्या व्यायामशाळेत महिन्यातून एका रविवारी दुपारी खेळ लावतो. "हे बघ, एक कुस्ती देतो," तो म्हणाला. "लोकांना भावलीस तर दर महिन्याला ये, आणि माझ्या ओळखीचे तिघे आहेत, त्यांनाही सांगतो. नाही भावलीस तर चहा पी आणि राग धरू नको. फलकावर नाव काय लिहू?"

तिने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मग हात काढला. "चेंडू."

हे गेल्यापासून त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. मला चष्मा शोधायला आत जावं लागलं. चष्मा माझ्या नाकावरच होता.

त्या रविवारी बसमध्ये आम्ही चढलो, तर मागून माझा मुलगाही चढला. "मला त्या गावात टपालाचं काम आहे," म्हणाला. रविवारी. मी त्याला खिडकीची जागा दिली.

व्यायामशाळेत रबरी बुटांचा वास आणि साधी शिंक आली तरी घुमणारा आवाज. कपडे बदलायला चेंडू आणि जाळ्या ठेवायची खोली. तिथे चार-पाच अनोळखी कुस्तीगीर बसले होते. नात आत गेली, सगळ्यांशी हात मिळवला आणि बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाली, "आजी, सगळ्यांचे हात पिल्लू धरल्यासारखे आहेत." तिच्या खांद्यांवरचं निम्मं ओझं तिथेच उतरलं.

माझ्या शेजारी एक नर्सबाई बसली होती. मांडीवर विणकाम, पायाशी थर्मास. या बाईला कुस्तीचं वेड, सुटीचा दिवस पडला की आसपासच्या गावांतला एक खेळ सोडत नाही, हे तिने बसल्या बसल्या मलाच सांगितलं. मी म्हटलं, असं का. मी कोण ते सांगितलं नाही.

"आणि आता, चेंडू!" फोटोवाल्याने पुकारलं.

टाळ्या वाजल्या दोन. एक माझी, एक टपालाच्या कामाला आलेल्याची.

समोरची होती दातांच्या डॉक्टरकडे काम करणारी, रिंगमधलं नाव सुरी. सुरीने घंटा होताच आमच्या पोरीला कोपऱ्यात भिरकावलं. पोरगी आपटली झकास. पण चेहरा बघावा, तर बँकेच्या रांगेत उभी असल्यासारखा! सुरीने पोटात गुडघा मारला. चेहरा तसाच, रांग जरा पुढे सरकल्यासारखा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहा वर्षं हिचं तोंड कापडाआड होतं. कापडाआड कुणी कशाला कळवळून दाखवील? हाडं सगळं शिकली होती, तोंडाला कुणी शिकवलंच नव्हतं.

लोकांत कुजबुज सुरू झाली. "हिला लागत नाही का?" "झोपलीय वाटतं." मागे कुणीतरी खिदळलं. दाराशी उभ्या फोटोवाल्याने घड्याळ बघितलं. मुलाने माझा हात धरला.

सुरीने तिला डोक्यावरून उचलून पाठीवर टाकलं. धप्पकन. नात उठली, आणि उठता उठता तिचा हात डाव्या कानाकडे गेला. तिथे काही नव्हतं, तरी तिने चिमटीत काहीतरी धरल्यासारखं केलं आणि दोनदा खाली ओढलं. पुन्हा पडली, पुन्हा तेच. कान, दोनदा.

माझ्या शेजारच्या सुया खाली पडल्या.

"अगं बाई!" नर्सबाई ओरडली. "ही टिटवी आहे!"

"कोण टिटवी?" पुढचा माणूस वळला.

"गोदामातली टिटवी हो! पडली की डावा कान दोनदा ओढते. किती वर्षं बघतेय मी! तीच ही, माझ्या डोळ्यांची शपथ!"

व्यायामशाळा ती घुमणारी. एका बाकावरचं दुसऱ्या बाकावर पोचायला वेळ लागला नाही. टिटवीला बघितलेले तिथे निम्मे तरी होते. कुणी टिटवीसारखं ओरडलं. तशी नर्सबाई बाकावर उभी राहिली आणि वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना दटावतात त्या आवाजात म्हणाली, "टिटवी नाही! फलकावर काय लिहिलंय? चेंडू म्हणा, चेंडू!"

रिंगमध्ये नातीचा हात अजून कानापाशीच होता. तिने तो हात डोळ्यांपुढे आणून बघितला, कान चाचपला, आणि खुदकन हसली. सहा वर्षांत पहिल्यांदा रिंगमध्ये तिचं हसू लोकांना दिसलं. त्यानंतर तोंडाला जे काही वळण लागलं! सुरीने हात पिरगाळला तर असं तोंड केलं, की माझा मुलगा उठून उभा राहिला आणि ओरडला, "सोड तिला!" मी त्याला खाली ओढला. ठरल्याप्रमाणे ती हरली, आणि हरलेलीला बघायला लोक उभे राहिले.

फोटोवाला आमच्यासाठी स्वतः चहा घेऊन आला. "पुढच्या महिन्यात येच. त्या तिघांना मी आत्ताच फोन करतो. आणि तो कानाचा प्रकार ठेव हं, छान आहे."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "काय गं, कान कशाला ओढतेस?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "सांगू? डाव्या डोळ्याचं भोक जरा वर सरकायचं, आजी. पडलं की दिसेनासं व्हायचं. ओढून जागेवर आणायचे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"सहा वर्षं?"

"सहा मुखवटे," ती म्हणाली.

"मेले, मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या हौसेने विचारायचीस, बसला ना नीट म्हणून."

पुढच्या सीटवरून मुलाने मान वळवली. "म्हणजे ही सहा वर्षं एका डोळ्याने पडत होती? आणि तो डोळा आईने बंद केला होता?" आणि मग तो हसायला लागला. टेंगूळ आल्या दिवसापासून त्याला पडण्याच्या विषयावर हसताना मी पाहिलं नव्हतं. कंडक्टर बघायला लागला तरी थांबेना.

घरी आल्यावर मी बटणांचं पाकीट काढलं. दोरा ताणून बघितला. पहिला मुखवटा कापायच्या आधीच डाव्या कानाची गाठ सुटली होती आणि मी ती अंदाजाने पुन्हा मारली होती, ते मला तेव्हा कुठे आठवलं. बोटभर इकडे. माझी ती बोटभर चूक नसती, तर त्या व्यायामशाळेत तिला कुणी ओळखलं असतं का, कोण जाणे. पण म्हणून काही मी ती चांगली म्हणणार नाही. नवीचा दोरा काढून पाचही गाठी पुन्हा तपासल्या. बरोबर होत्या.

शेवटच्या शनिवारी गोदाम भरलं होतं. मालकाने ठरवल्याप्रमाणे कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण नर्सबाईच्या तोंडापुढे मालकाचं काय चालणार? पहिल्या रांगेत पुठ्ठ्याचे फलक होते, 'चेंडू, ये परत'. मालक माझ्या खुर्चीपाशी आला, कपाळाला आठ्या.

"आजी, यांना सांगितलं कुणी?"

"ओळखलं त्यांनी," मी म्हटलं. "चष्मे असतील."

तो मग मान हलवून हसला आणि जाऊन त्याने स्वतः पुकारलं, की ही टिटवी आज शेवटची. तेवढं मन त्याच्याकडे होतं, मी नाही म्हणणार नाही.

टिटवी रीतीप्रमाणे हरली. कुठे हात राखला नाही, कुठे जास्तीचं केलं नाही. भिंतीने तिला उचललं, आडवं केलं, आणि वर झोपली. पंच एरवी एक-दोन-तीन भरभर मोजतो, त्या दिवशी त्याला अंक आठवायला वेळ लागत होता. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या छातीवर पाय ठेवायचा असतो. भिंतीने ठेवला, म्हणजे ठेवल्यासारखा केला. मधून माझा आख्खा हात गेला असता. नाक मात्र ती बाहीला पुसत होती, आणि लोकांना वाटलं, काय माजली आहे बघा.

आतल्या खोलीत नातीने मुखवटा काढून मालकाच्या हातात दिला. त्याने हात मिळवला, गच्च दाबून. कधी रिंगमध्ये उतरलेलाच नाही बिचारा. कोपऱ्यात नवी माझा नवा मुखवटा घालून उभी होती. दोन्ही डोळे ठणठणीत जागेवर.

"ताई, एक विचारू? पडल्यावर डावा कान दोनदा ओढायचा ना? मी आरशासमोर रोज करतेय."

नातीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"हो," नात म्हणाली. "पण हळू ओढ. आजीचा टाका आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार. आता ती कंपनीची कुणी नव्हती. सकाळी सातला उठली, बूट घातले, आणि दारात मला विचारलं, "लाँड्रीत काही टाकायचंय?" माझे दोन पलंगपोस होते, ते घेऊन मीही निघाले.

गोदामात कुणी नव्हतं, किल्ली अजून तिच्याकडेच होती. तिने रिंगच्या चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या सोडल्या, कापड मध्ये ओढलं, मळकी बाजू आत घेऊन दोनदा दुमडलं, मग आडवं, मग गुडघ्याने दाबून आवळलं. गाड्यावर टाकलं. मागच्या गल्लीत लाँड्रीवाला शटर वर करतच होता.

"या ताई. बुधवारी?"

"बुधवारी. आणि या कोपऱ्यात बुटाचं काळं लागलंय, तिथे ब्रश मार."

"दर वेळी सांगता."

"दर वेळी राहतं म्हणून."

त्याने पावती फाडली. तिने ती गोदामात नेऊन दारामागच्या खिळ्याला अडकवली, गाडा भिंतीला उभा करून ठेवला, आणि कुलूप दोनदा ओढून बघितलं.

"चल आजी," ती म्हणाली. "दूध घ्यायचंय."